पहिल्या चालीचा ठेका

तुळश्याने पुन्हा डोळे मिटले.

दोर जमिनीपासून गुडघ्याएवढाही वर नव्हता. दोन मेखांना ताणून बांधलेला, खाली नांगरलेल्या रानाची मऊ माती, आणि एका बाजूने मी त्याचा हात धरलेला. तिथून पडून कोंबडीच्या पिलालाही लागलं नसतं. पण माझा सहा वर्षांचा भाऊ दोरावर उभा राहिला की आधी डोळे मिटायचा, मग त्याची हनुवटी थरथरायची आणि मग चड्डी ओली व्हायची. हा क्रम कधी चुकला नाही.

“डोळं उघड,” मी म्हणाले.

“उघडंच हायेत,” तो मिटल्या डोळ्यांनी म्हणाला.

बा पालासमोर बसून ढोलकं आवळत होता. त्याने वर बघितलं, काही बोलला नाही, पुन्हा दोरी ओढू लागला. बाचं न बोलणं मला चांगलं कळायचं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

आम्ही डोंबारी. गाढवावर पाल, बांबू आणि दोर घालून बाजार-बाजार फिरायचं, बांबू कात्रीसारखे बांधून त्यांची कातर उभी करून दोर ताणायचा, खाली बाने ढोलकं वाजवायचं आणि वर मी चालायचं. मी तेव्हा बारा वर्षांची होते. नगरपासून पैठणपर्यंत माझ्यासारखी दोरावर चालणारी दुसरी नव्हती. हे मी म्हणत नाही, बाजार म्हणायचा. आणि बाजार म्हणायचा ते खरंच होतं, त्यामुळे मीही म्हणते. डोक्यावर तीन तांबे आणि पायाखाली पितळी परात घेऊन मी दोरावरून गेले की भाजी विकणाऱ्या बायका तागडी तशीच हातात धरून वर बघत राहायच्या.

आई तीन वर्षांपूर्वी तापाने गेली होती. उरलो तिघं. दोन-तीन वर्षांत माझं लग्न होणार आणि मी दुसऱ्याच्या पालावर जाणार, हे ठरलेलं. मग बाचं काय? नुसतं ढोलकं ऐकायला कोण थांबतं? म्हणून तुळश्याला वर चढवायचं होतं. बा वाईट माणूस नव्हता. त्याचाही बाप असाच त्याला घेऊन उभा राहिला होता आणि त्याच्याही बापाचा बाप. चढायचं नसेल तर काय करायचं, हा प्रश्न आमच्यात कुणी कधी विचारला नव्हता, त्यामुळे त्याचं उत्तरही कुणाकडे नव्हतं.

पण मी दोरावर चालणारी होते आणि मला एक गोष्ट पक्की माहीत होती. भित्रं लेकरू शिकतं, हट्टी लेकरू शिकतं, आळशीसुद्धा शिकतं. डोळे मिटणारं शिकत नाही. माझ्या मावशीचा रंग्या असाच डोळे मिटायचा. त्याला जत्रेत चढवला. तेव्हापासून तो कमरेखाली हलत नव्हता आणि मावशी त्याला गाढवावर बांधून गावोगाव नेत होती.

आमच्यात पहिली चाल देवापुढे द्यायची रीत. पहिली चाल म्हणजे लेकराने उंच दोरावर पहिल्यांदा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकट्याने जाणं. ती देवापुढे झाली की लेकरू कमावतं झालं, मग त्याला दोरावरून कुणी उतरवत नाही. माझी मढीला झाली होती, कानिफनाथांच्या जत्रेत. तुळश्याचीही तिथेच व्हायची होती, फाल्गुनात. म्हणजे अजून दोन महिने हातात होते. दोन महिन्यांत काहीतरी सुचेल, असं मी मनाला सांगत होते. आणि मधेच हा नवा देव निघाला.

त्याचं असं झालं. आमची पालं तेव्हा सोनखेडला, मिशनच्या कुंपणाला लागून पडीक रानात होती. कुंपणाच्या आत देऊळ, शाळा आणि मुलांचं बोर्डिंग. त्या बोर्डिंगचा जो संत होता त्याचा सण जवळ आला होता, म्हणून तीन दिवस दुपारी कीर्तन लावलं होतं. ख्रिस्ती लोकांचं कीर्तन आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. लाजरस मास्तर म्हणून उंच, सावळे गृहस्थ होते. शाळेत शिकवायचे आणि कीर्तनही करायचे. पांढरं धोतर, फेटा, गळ्यात क्रूस, हातात चिपळ्या. आवाज असा की कर्णा लावला नसता तरी नदीपलीकडे गेला असता. आम्ही कुंपणाबाहेर बसलो. बा चिपळ्यांचा ताल ऐकून मान हलवत होता. तालात चूक काढायची त्याला सवय होती, पण त्या दिवशी सापडली नाही.

मास्तर संत जॉन बॉस्कोची गोष्ट सांगत होते. लांबच्या मुलखात एका गावात एक पोरगा. दोन वर्षांचा असताना बाप गेला. घरात खायची मारामार. पण जत्रा आली की हा पोरगा दोरावर चालणाऱ्यांच्या अगदी पुढ्यात जाऊन उभा राहायचा आणि त्यांचे पाय कसे पडतात ते निरखून बघायचा. घरी येऊन तसंच करायचा. पडायचा, उठायचा, पुन्हा करायचा. शेवटी दोन झाडांमध्ये दोर बांधून तो सगळ्या गावासमोर त्यावरून चालला. मधेच थांबून लोकांना म्हणायचा, आधी देवाचं नाव घ्या, मग पुढचा खेळ. पुढे मोठा झाला, फादर झाला, रस्त्यावरच्या अनाथ पोरांना गोळा करून त्यांना शिकवलं आणि संत झाला. मास्तरांना रंग चढला होता. ते म्हणाले, “मंडळी, त्याचे पहिले गुरू कोण? त्या मुलखातले डोंबारी.”

बाची मान हलायची थांबली.

आमच्या बाने आयुष्यात बरेच देव पाहिले होते. घोड्यावरचे, वाघावरचे, मोरावरचे. दोरावर चालणारा देव त्याने पहिल्यांदाच ऐकला. कीर्तन संपलं तरी तो तिथून उठला नाही. मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाला, “सगुणे, ह्यो आपल्यातला हाय.”

त्याच संध्याकाळी त्याने डोक्याचं मुंडासं काढलं, ते हातात धरून कुंपणाच्या आत गेला आणि मास्तरांपुढे उभा राहिला. मीही मागून गेले. बा म्हणाला, आमच्या पोराची पहिली चाल ह्या देवाला द्यायची आहे, सणाच्या दिवशी. मास्तर आधी हसले, मग त्यांना कळलं की हा माणूस गंमत करत नाही. त्यांनी समजावून सांगितलं की संत जॉन बॉस्को डोंबारी नव्हता, शेतकऱ्याचा मुलगा होता.

बाने शांतपणे ऐकून घेतलं. “मास्तर,” तो म्हणाला, “शेतकऱ्याचं पोर दोरावर चालत न्हाई. कुणीतरी लाजंपायी लपवलं आसंल. आमच्यातला कुणी मोठा झाला की लोक आसंच करत्यात.”

मास्तर फादर हुबरांना विचारायला गेले. फादर हुबर गोरे, वयस्क, बोलायला कमी आणि हसायला जास्त. त्यांनी हो म्हटलं. मिशनच्या पंचमंडळातले दोघं-तिघं कुरकुरले, देवाच्या सणाला डोंबाऱ्याचा खेळ शोभतो का म्हणाले. तेव्हा लाजरस मास्तरांनी त्यांना एवढंच विचारलं की आपल्या बापजाद्यांना गावच्या देवळापासून किती लांब उभं करत होते ते आठवतं का. तेवढ्यावर खेळ ठरला. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आणि मास्तर मला आवडले. पण दुसऱ्या बाजूने मी बोटांवर दिवस मोजू लागले, कारण दोन महिन्यांचे आता तीन दिवस झाले होते.

त्या रात्री मी बाला सांगून बघितलं. तुळश्या डोळे मिटतो, त्याला नको चढवू. बा म्हणाला, देवापुढं मिटणार न्हाई. मी म्हटलं, रंग्यानेही देवापुढंच मिटले होते. बाने हातातली भाकरी खाली ठेवली आणि उठून गाढवाकडे गेला. मला वाटतं, त्यालाही रंग्या आठवत होता. पण शब्द दिला गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी एकटी मास्तरांकडे गेले. ते शाळेच्या पायरीवर बसून पाट्या पुसत होते. मी सरळ म्हणाले, हा खेळ बंद करा, माझा भाऊ पडेल. मास्तरांनी पाटी बाजूला ठेवली. ते म्हणाले, मी बंद केला तर तुझा बाप त्याला मढीला चढवील. मग काय? याचा मी विचार केला नव्हता. मी विचारलं, तुमच्या बोर्डिंगात केवढी पोरं घेता? सहा वर्षांची झाली की घेतो, ते म्हणाले, पण बापाने स्वतः आणून सोडलं पाहिजे, मी कुणाचं लेकरू बापापासून ओढून घेत नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तू पण ये की. राहुरीला सिस्टरांचं मुलींचं बोर्डिंग आहे. तू हुशार आहेस.”

मला हसू आलं. मी म्हटलं, “मास्तर, म्या बसून काय करू? मला चालता येतंय.”

हे वाक्य नीट ध्यानात घ्या, कारण पुढे लोकांनी त्याचं भलतंच केलं.

परत येताना मला सुचलं. आमच्या जातीत भांडणतंटा झाला, कुणी खोटं बोलतोय असं वाटलं, की पंच म्हणायचे, दोरावर चढून बोल. दोरावर उभा असलेला माणूस खोटं बोलत नाही, कारण खोटं बोलणाऱ्याचा पाय हलतो, अशी समजूत. आणि दोरावरून जो शब्द निघाला तो निघाला. तो पुन्हा कुणी मोडायचा नाही, बोलणाऱ्याने नाही आणि त्याच्या घरच्यांनीही नाही. या रीतीवर लग्नं जमलेली आणि मोडलेली मी पाहिली होती. पण बारा वर्षांच्या पोरीने बापाविरुद्ध असा शब्द टाकलेला कुणी पाहिला नव्हता. मीही नाही.

सणाचा दिवस उजाडला. जानेवारीचं शेवटचं ऊन, गार आणि स्वच्छ. पूजा संपून लोक पटांगणात आले. संताची मूर्ती झेंडूच्या माळा घातलेल्या हातगाडीवर लिंबाखाली ठेवली होती. काळा झगा घातलेला हसरा माणूस, एका हाताने एका पोराला जवळ घेतलेला. बाने मूर्तीसमोर कातर उभी केली. इतकं मन लावून दोर ताणताना मी त्याला कधी पाहिला नव्हता. तुळश्याला नवी लाल चड्डी होती, पायांना हळद होती आणि कपाळाला कुंकू होतं. बोर्डिंगची पोरं रांगेत बसली होती. फादर हुबर खुर्चीवर बसले होते, त्यांच्या शेजारी लाजरस मास्तर उभे होते.

बाने ढोलकं गळ्यात घातलं आणि हाक मारली, तर तुळश्या जागेवर नाही.

सगळे शोधू लागले. सापडला तो मूर्तीच्या मागे. हातगाडीवर चढून त्याने संताचा पाय दोन्ही हातांनी असा घट्ट धरला होता की माळेतले झेंडू तुटून खाली पडले होते. एका म्हातारीने हात जोडले. “बघा गं लेकराला देवाची कशी ओढ,” ती म्हणाली. पाच-सहा बायकांनी डोळे पुसले. फादर हुबरांचाही चेहरा उजळला. फक्त मला आणि बाला दिसत होतं की लाल चड्डी समोरून काळी पडली आहे.

बाने त्याला सोडवायचा प्रयत्न केला. तुळश्या सोडेना. बोटं एक-एक करून काढली तर तो पुन्हा धरायचा. बाच्या कपाळावर घाम आला. पटांगणभर लोक बघत होते.

“बा,” मी म्हणाले, “म्या आदी जाते. दोर बघून येते.”

हेही रीतीला धरून होतं. पहिल्या चालीआधी घरच्या मोठ्याने दोर तपासायचा. बाला तेवढा वेळ मिळाल्यासारखं झालं. त्याने मान हलवली. मी बांबूवरून चढले, काठी आडवी घेतली आणि दोरावर पाय ठेवला. बाने बाजाराचा ठेका धरला आणि नेहमीची सवाल-जवाबाची लावणी सुरू केली. खेळात खालून तो विचारायचा, वरून मी सांगायचे, तेही चालता-चालता.

“ए पोरी!”

“काय बा?”

“कुठवर चाललीस?”

“दोर हाय तितवर.”

“भ्या वाटतंय का?”

“तू खाली हायेस, मग कशाचं?”

“कुणासाठी चालतीस?”

याचं उत्तर ठरलेलं असायचं. पोटासाठी. ते म्हटलं की लोक हळहळायचे आणि बा परात फिरवायचा. मी बरोबर दोराच्या मध्यावर होते. थांबले.

“तुळश्यासाठी,” मी म्हणाले.

बाचा हात एक ठोका चुकला, पण त्याने सावरून घेतलं.

“बा, ह्या द्येवाला तुळश्याची चाल द्यायची बोललास. ती म्या देते. त्याची चाल म्या चालते. त्याचं पाय आजपास्नं जमिनीवर ऱ्हात्याल. त्यो हितं ऱ्हाईल, ह्या मास्तरांच्या शाळंत. दोरावरनं बोलते.”

ढोलकं थांबलं.

ज्यांनी दोर पाहिला आहे पण चालले नाहीत त्यांना एक गोष्ट ठाऊक नसते. आपण दोरावर चालत नाही, ठेक्यावर चालतो. ठेका चालू असला की पायाला कळतं पुढचं पाऊल कधी टाकायचं. तो थांबला की दोर नुसता दोर होतो आणि खाली किती खोल आहे ते तळपायाला समजू लागतं. आयुष्यात पहिल्यांदा मी मध्यावर उभी होते आणि खालून काहीच येत नव्हतं.

बाने वर पाहिलं. ऊन त्याच्या डोळ्यांवर होतं, म्हणून त्याने हात आडवा धरला.

“शबुद माघारी घे,” तो म्हणाला.

“न्हाई.”

“सगुणे, उद्या खाणार काय?”

“म्या हाय न्हवं?”

“तू किती दिस?”

“जितके दिस लागत्याल तितके. पोरगा बघशील तवा त्याला सांग, बायकू बापाकडचा दोर सोडणार न्हाई. पटलं तर पटलं.”

काठीचं डावं टोक खाली जायला लागलं. मी ते वर आणलं, मग उजवं जायला लागलं. त्या वेळी लाजरस मास्तरांनी चिपळ्या उचललेल्या मला दिसल्या. ते मला ठेका देणार होते. चांगला माणूस, ताल पक्का. त्यांनी दिला असता तर मी सहज पलीकडे गेले असते. पण मग ते बाच्या विरुद्ध झालं असतं. तुळश्याला बापापासून ओढून नेल्यासारखं झालं असतं, आणि सगळ्या गावासमोर माझ्या बाची मान खाली गेली असती.

“मास्तर, तुमी नगा,” मी वरून म्हणाले. “मला बाचा ठेका लागतो.”

मास्तरांनी चिपळ्या छातीशी धरल्या आणि डोळे मिटले. प्रार्थना करत असतील.

बा माझ्याकडे बघत नव्हता. तो मूर्तीकडे बघत होता. तुळश्या अजून तसाच, पाय धरून, डोळे गच्च मिटून. मला फक्त माझा अंगठा आठवतो. तो दोराला असा रुतला होता की त्याचा वळ आठ दिवस राहिला.

मग बाने उजवा हात ढोलक्यावर टाकला.

धिम. बराच वेळ काही नाही. पुन्हा धिम. मला आधी कळेना. हा बाजाराचा ठेका नव्हता. हा इतका सावकाश होता की मला एका पायावर दोनदा श्वास घ्यावा लागला. तिसऱ्या ठोक्याला ओळखला. सात वर्षांपूर्वी मढीला मी पाच वर्षांची असताना बाने हाच वाजवला होता. तो पहिल्या चालीचा ठेका होता. लहान लेकराचं पाऊल छोटं असतं, त्याला वेळ लागतो, म्हणून तो सावकाश वाजवतात, आणि जन्मात प्रत्येकासाठी एकदाच वाजवतात. बाने तो तुळश्याच्या नावाने वाजवला. त्याच्या हिशेबी दोरावर मी नव्हते.

मग मीही तशीच चालले. नगर ते पैठण पहिली असणारी मी, सहा वर्षांच्या पोरासारखी छोटी-छोटी पावलं टाकत, डोळे सताड उघडे ठेवून पलीकडे गेले. तेवढं चांगलं मी त्याआधी आणि त्यानंतर कधी चालले नाही. हे बाजार म्हणत नाही, कारण बाजाराला ते कळलंच नसतं. हे मी म्हणते.

मी खाली उतरले. बा मूर्तीजवळ गेला. आता तुळश्याची बोटं आपसूक सुटली, कारण बाने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. त्याला कडेवर घेऊन बा लाजरस मास्तरांपाशी आला आणि त्याने पोर त्यांच्या हातात दिलं.

“ह्यो रडतो,” बा म्हणाला. “रातच्याला पायापाशी कुणीतरी लागतं त्याला. न्हाईतर झोपत न्हाई.”

मास्तरांनी मान हलवली. महिनाभर ते बोर्डिंगातच, तुळश्याच्या सतरंजीच्या पायथ्याशी झोपले, असं मला पुढे त्यांच्या बायकोने सांगितलं, आणि जरा रागानेच सांगितलं.

या गोष्टीला साठ वर्षं झाली. मागच्या महिन्यात धर्मप्रांताकडून नेल्सन नावाचा एक तरुण ब्रदर माझ्याकडे आला होता. वही, पेन, फोनमध्ये आवाज भरून घ्यायची सोय. फादर तुळशीराम यांच्या पहिल्या पुण्यतिथीला पुस्तिका काढायची आहे, त्यांचं बालपण सांगा, म्हणाला. हो, तोच तुळश्या. अठरा वर्षांचा झाल्यावर त्याने स्वतः बाप्तिस्मा मागितला आणि नाव मात्र बाने ठेवलेलंच ठेवलं. चाळीस वर्षं त्याने वीटभट्टीवरची, उसाच्या फडावरची, पालांवरची पोरं गोळा केली. त्याच्या बोर्डिंगातून किती निघाली ते मला माहीत नाही, पण मी जाते त्या दवाखान्यातली नर्स त्यातली आहे आणि आमच्या गटविकास अधिकारी बाई त्यातल्या आहेत. त्याच्या थडग्यावर लोक मेणबत्त्या लावतात, नवस बोलतात. त्याला संत म्हणतात. ते ठरवायला रोमला फार वर्षं लागतात म्हणे. लागू द्या.

ब्रदरने आधीच बरंच लिहून आणलं होतं. त्यात होतं की सहा वर्षांचा तुळशीराम सणाच्या दिवशी दैवी ओढीने धावत जाऊन संताच्या चरणांना बिलगला. मी म्हटलं, चड्डी ओली होती तेही लिही. तो गोंधळला. मी म्हटलं, लिही रे, घाबरलेल्या पोराने पाय धरले आणि ज्याने धरले त्याला पुढे घाबरलेली पोरं ओळखू येऊ लागली. याहून मोठी ओढ कोणती असते?

दुसरं त्याने लिहिलं होतं की थोर भगिनीने भावासाठी स्वतःच्या शिक्षणाचा त्याग केला. हे मी त्याला खोडायला लावलं. सगळे मला बिचारी करतात. बिचारी कशाची? मला लिहायला-वाचायला तुळश्यानेच सुट्टीत येऊन शिकवलं, हे आत्ता तुम्ही वाचताय ते मीच लिहिलं आहे. दोर मी सोडला नाही कारण मला तो सोडायचा नव्हता. नवराही असा मिळाला की तो आमच्याच पालावर राहायला आला. माझ्या भावाला माणसं सांभाळता आली, मला तोल सांभाळता आला. दोघांनी आपापलं काम चांगलं केलं.

जाताना ब्रदरने विचारलं, तुमचे वडील नंतर रागावले नाहीत का?

सणानंतरच्या रविवारी आम्ही बेलापूरच्या बाजारात होतो. आठ दिवस बा माझ्याशी कामापुरतंच बोलला होता. कातर उभी केली, मी वर चढले, ढोलकं सुरू झालं. ए पोरी, काय बा, कुठवर चाललीस, भ्या वाटतंय का, सगळं नेहमीसारखं. कुणासाठी चालतीस म्हटल्यावर मी पोटासाठी म्हणाले. आता तो परात उचलणार, म्हणून मी पुढचं पाऊल टाकलं. पण त्याने परात उचलली नाही.

“ए पोरी!”

लावणीत पुढे काहीच नव्हतं. मी थांबले.

“काय बा?”

“तुझा भाऊ कुठं हाय?”

मी काठी सरळ केली.

“शाळंत,” मी म्हणाले.

“जोरात सांग. मागच्यांना ऐकू आलं न्हाई.”

“माझा भाऊ शाळंत हाय!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाने त्यांच्याकडे पाहिलंही नाही, तो ठेका धरत राहिला. पुढची अकरा वर्षं, हात चालत होते तोवर, प्रत्येक बाजारात त्याने हा सवाल विचारला. आणि प्रत्येक वेळी, मी कितीही मोठ्याने सांगितलं तरी, मागच्यांना ऐकू आलं नाही म्हणून तो मला पुन्हा सांगायला लावायचा.